वाऱ्यालाही बांध हवा

मळणीयंत्रे गावोगाव पोहोचण्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील खळ्यांवर एक दृश्य हमखास दिसत असे. कणसांची मळणी आटोपली म्हणजे शेतकरी उंच तिवईवर उभा राही आणि भुसामिश्रित ज्वारी टोपल्यातून हळूहळू खाली सोडी. दाणे तिवईच्या पायथ्याशी पडत व भुसा वाऱ्याबरोबर दूर जाई. हे काम जमिनीवर उभे राहून का केले जात नाही, असे कोणी विचारले असते, तर ‘खाली वारा लागत नाही’ असे उत्तर त्यास तत्काळ मिळाले असते. वाऱ्याचा जोराचा झोत आला की तिवईवरील माणूस हात आवरता घेई. कारण अशा झोतात भुशाबरोबर दाणेही उडून जात. जमिनीलगत वारा मंद असतो, वर जावे तसा तो वाढत जातो आणि तो एकसारखा न वाहता झोताझोतांनी वाहतो, या तिन्ही गोष्टी शेतकऱ्यास अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या.

खळ्यावर वापरले जाणारे हे ज्ञान शेतात मात्र क्वचितच वापरले गेले. पावसाचे पाणी वाहून जाऊ नये म्हणून बांध घातले गेले, जमिनीतील ओल टिकावी म्हणून कोळपण्या झाल्या. परंतु पिकाच्या माथ्यावरून वाहणारा वारा दररोज किती ओल घेऊन जातो, याची नोंद कोणीच ठेवली नाही. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाण्याचा हिशेब मांडताना वाऱ्याचेही खाते उघडले पाहिजे. ते उघडताना ‘सर्व बांधांवर झाडे लावा’ अशी सरसकट शिफारस करणे जितके चुकीचे आहे, तितकेच ‘बांधावर झाड नको’ असा सरसकट निर्णय घेणेही चुकीचे आहे.

अपुरा राहिलेला हिशेब

कोरडवाहू शेतीच्या शास्त्रीय अभ्यासात सोलापूरचे स्थान जुने आहे. देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी जी पहिली केंद्रे निघाली, त्यांपैकी एक १९३३ मध्ये सोलापूर येथे सुरू झाले. विजापूर, रायचूर, हगरी व रोहतक ही इतर केंद्रे होत. मुंबई इलाख्यातील या कामाची धुरा श्री. ना. वि. कानिटकर यांनी वाहिली. बांधबंदिस्ती, योग्य नांगरट, शेणखताचा वापर, एकरी बेताचे बियाणे, दोन ओळींत पुरेसे अंतर आणि वेळच्या वेळी कोळपणी, ही त्या काळी सिद्ध झालेली सूत्रे आजही मोडीत निघालेली नाहीत. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ हे वचन तर प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे.

या सर्व उपायांचा रोख दोन वाटांवर होता. जमिनीवरून वाहून जाणारे पाणी बांधाने अडवावयाचे आणि जमिनीतून उडून जाणारी ओल मातीच्या भुसभुशीत थराने झाकावयाची. दोन्ही वाटा महत्त्वाच्या आहेत यात शंका नाही. परंतु तिसरी वाट पिकाच्या पानांतून हवेत जाते. मूळ जे पाणी शोषते, त्याचा फार मोठा भाग पानावरील सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडतो. पीक जगावयाचे तर हे थांबविता येत नाही. मात्र हवा ते पाणी किती वेगाने मागते, हे बऱ्याच अंशी वाऱ्यावर अवलंबून असते आणि तेथे थोडाफार हस्तक्षेप करणे माणसाच्या हाती आहे.

जमिनीलगतची घुसळण

चुलीच्या धुराकडे पाहिले असता ही गोष्ट सहज उमगते. निवांत पहाटे धुराची रेघ प्रथम सरळ वर जाते. थोड्या उंचीवर ती एकाएकी फुटते आणि तिचे वेटोळे व भोवरे होतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हाच प्रकार दाखवून दिला. प्रवाह मंद असेतो धार अखंड राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे गेला तेव्हा ती विस्कटून संपूर्ण नळीत पसरली. अशा विस्कटलेल्या प्रवाहास शास्त्रज्ञ संक्षोभ म्हणतात. शेतावरून वाहणारा वारा जवळजवळ सदैव याच अवस्थेत असतो. मराठी माणसास परिचित शब्द वापरावयाचा तर ही वाऱ्याची घुसळण होय.

ही घुसळण नसती तर पानाभोवती साचलेली दमट हवा तेथेच राहिली असती व पानातून येणाऱ्या नव्या वाफेस जागा उरली नसती. भोवरे मात्र ही दमट हवा उचलून वर नेतात आणि वरची कोरडी हवा खाली आणतात. ताक घुसळताना रवी जे काम करते, तेच काम येथे भोवरे करतात.

घुसळण किती होईल, हे पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर अवलंबून असते. पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने त्यावरून वारा फारसा न अडखळता वेग घेतो. म्हणूनच उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठावर वारा अधिक जाणवतो. ढेकळे काढलेल्या सपाट रानात वाऱ्यास थोडा अडथळा होतो, नांगरटीच्या ढेकळांवर त्याहून अधिक, आणि ज्वारी किंवा ऊस उभा असता त्याहूनही कितीतरी अधिक. दाट उभ्या पिकात वाऱ्याच्या दृष्टीने जणू जमीनच वर उचलली जाते. स्थूलमानाने पिकाच्या उंचीच्या दोनतृतीयांश उंचीवर वाऱ्याची ‘जमीन’ आहे असे धरून शास्त्रज्ञ हिशेब करतात. सहा फूट ज्वारीच्या शेतात वारा आपली जमीन चार फुटांवर आहे असे समजून वागतो.

वारा उंचीप्रमाणे कसा बदलतो, याचा एक ठोकताळा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वीतभराहून कमी उंचीच्या गवताळ मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर ताशी १० किलोमीटर वारा असेल, तर दोन मीटर उंचीवर तो सुमारे साडेसात किलोमीटर व अर्ध्या मीटर उंचीवर सुमारे पाच किलोमीटर भरतो. हवामान केंद्रांवर वारा सामान्यतः दहा मीटर उंचीवर मोजला जातो. म्हणून हवामानवृत्तातील वाऱ्याचा आकडा जसाच्या तसा पिकास लागू करू नये.

शिवाय हा आकडा सरासरीचा असतो. पोटरीतील ज्वारीवरून एकामागून एक लाटा धावताना दिसतात, त्या वरच्या वेगवान हवेचे झोत पिकात शिरल्याच्या खुणा होत. बराच वेळ पिकातील हवा जवळजवळ स्थिर असते. मग एक झोत वरून खाली घुसतो आणि आतील दमट हवा क्षणात पालटून टाकतो. पीक आणि बाहेरील हवा यांच्यातील देवघेवीचा मोठा भाग अशा थोड्या वेळाच्या झोतांतच उरकतो. दुपारी जमीन तापली म्हणजे तापलेली हवा वर उठून या घुसळणीत भर घालते. चैत्र-वैशाखातील वावटळ हे तिचे उघड रूप होय.

ऊन किती, वारा किती

पिकाचे पाणी उन्हाने जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. रोथॅमस्टेड येथील शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये बाष्पीभवनाचे जे सूत्र मांडले, त्यात दोन घटक एकत्र आणले: एक उन्हाची उष्णता आणि दुसरा हवेची शोषणशक्ती. ही दुसरी शक्ती हवेच्या कोरडेपणावर आणि वाऱ्यावर अवलंबून असते. जगभर आज पिकांच्या पाण्याची गरज ज्या पद्धतीने काढतात, ती याच सूत्राची सुधारलेली आवृत्ती आहे.

उदाहरणादाखल उन्हाळ्यातील एक दिवस घेऊ. कमाल तापमान ४० अंश, किमान २५ अंश, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र आहे असे समजू. भरपूर पाणी असलेल्या आखूड गवतावर दोन मीटर उंचीवरील वारा सेकंदाला दोन मीटर असेल, तर या सूत्राने दिवसाचे बाष्पीभवन सुमारे ८ मिलिमीटर येते. बाकी सर्व तसेच ठेवून वारा सेकंदाला चार मीटर केला, तर ते १० मिलिमीटरच्या वर जाते. दोन मिलिमीटरचा फरक दिसण्यास लहान आहे. परंतु एका एकरावर तो दिवसाला सुमारे आठ हजार लिटर होतो. ज्या शेतकऱ्याची विहीर तासभरच चालते, त्यास या आकड्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. याउलट पावसाळ्यातील दमट दिवशी वारा दुप्पट झाला तरी फारसा फरक पडत नाही. वारा महाग पडतो तो हवा कोरडी असते तेव्हा.

कोरडवाहू पिकाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्यापाशी हवेची मागणी पुरविण्याइतके पाणीच नसते. मागणी फार वाढली की पानांची छिद्रे मिटतात. त्याबरोबर वाढही थांबते. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. १९३० च्या दशकात मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात इतकी वर्षे टिकली, ती अशा तंगीत तग धरते म्हणूनच. तरीसुद्धा दाणे भरण्याच्या वेळी ओल तुटली तर खडखड्या रोग बळावतो, ताटे आतून पोकळ होतात आणि एखाद्या जोराच्या झोताने शेत लोळते. काळ्या जमिनीस पडलेल्या भेगांच्या दोन्ही भिंतींतूनही ओल उडत असते आणि वारा वाढला म्हणजे हे प्रमाण वाढते. कोळपणीने भेगा बुजविणे हा वाऱ्याविरुद्धचाही उपाय आहे, तो या कारणाने.

बागाईत शेतात वाऱ्याचा परिणाम डोळ्यांस दिसतो. पडीक, तापलेल्या रानावरून आलेला कोरडा वारा हिरव्या तुकड्यात शिरतो तेव्हा पहिल्या काही ओळींस त्याची झळ सर्वांत अधिक लागते. केळीची पाने त्या बाजूस फाटून चिंध्या होतात, उसाच्या कडेच्या ओळी प्रथम सुकतात, लसूणघासाच्या वाफ्याची कड पिवळी पडते. पुढे हवा थंड व दमट होत गेल्याने आतील ओळी टवटवीत राहतात. पाणी सर्वांस सारखेच दिलेले असते. फरक वाऱ्याचा असतो.

भिंत नव्हे, चाळण

वाऱ्याची ही मागणी कमी करावयाची तर त्याच्या वाटेत आडोसा उभा करणे हा उपाय होय. परंतु येथे पाण्याच्या बांधाचा न्याय लावून चालत नाही. पाण्याचा बांध पक्का असावा लागतो; वाऱ्याचा बांध मात्र पाझरता असावा लागतो. घट्ट भिंत किंवा पत्र्याचे कुंपण वाऱ्यास वर ढकलते. भिंतीलगत थोडी जागा शांत होते, पण पलीकडे हवा मोठे भोवरे घेत खाली आदळते. अशा ठिकाणी पीक अधिकच पिळवटले जाते. याउलट जवळजवळ अर्धा वारा ज्यातून गाळून जाईल असे विरळ कुंपण असेल, तर आरपार गेलेला मंद वारा वरून येणाऱ्या झोतास तोलून धरतो, भोवरे लहान होतात व आडोशाचा लाभ दूरवर पोहोचतो.

अशा सच्छिद्र वारारोधकाच्या मागे, त्याच्या उंचीच्या चार ते सहापट अंतरावर वारा सर्वांत कमी होतो आणि दहा ते पंधरापट अंतरापर्यंत लाभ चांगला जाणवतो. झाडांची उंची २० फूट असेल, तर सुमारे २०० ते ३०० फुटांपर्यंत हा परिणाम मिळतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूसही थोड्या अंतरापर्यंत तो मंदावतो. रांगेत खिंडार पडले असेल तर त्यातून वारा उलट जोराने घुसतो. गाडीवाटेसाठी ठेवलेल्या जागेसमोरचे पीक नेहमी लोळते, त्याचे कारण हेच. रांगेच्या टोकांनाही वारा वळसा घालतो. म्हणून रांग उंचीच्या मानाने पुरेशी लांब असावी.

या बाबतीत सोलापूरच्या शेतकऱ्यास एक अनुकूलता आहे. मे महिन्यापासून पावसाळाभर येथील वारा मुख्यत्वे पश्चिम व नैर्ऋत्य दिशांनी येतो. पावसाळा सरल्यावर व हिवाळ्यात तो बहुधा पूर्व व ईशान्येकडून येतो. त्यामुळे दक्षिणोत्तर लावलेली एकच रांग दोन्ही हंगामांत उपयोगी पडते. एका हंगामात तिच्या पूर्वेकडील शेतास, तर दुसऱ्या हंगामात पश्चिमेकडील शेतास आडोसा मिळतो. शिवाय दक्षिणोत्तर रांगेची सावली सकाळी एका बाजूस व सायंकाळी दुसऱ्या बाजूस पडते. कोणत्याही ओळीवर ती दिवसभर राहत नाही.

जगात हे प्रयोग लहानमोठ्या प्रमाणावर झाले आहेत. अमेरिकेच्या मैदानी भागात धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केल्यावर १९३४ ते १९४२ या काळात तेथील सरकारने सुमारे २२ कोटी झाडांच्या वारारोधक रांगा उभ्या केल्या. आपल्या देशात राजस्थानातील वाळवंटी भागात जोधपूरच्या संशोधन संस्थेने याच दिशेने काम केले आहे. तेथील वाळू व येथील काळी माती यांत महदंतर आहे. तेथील रांग जशीच्या तशी येथे आणणे शहाणपणाचे होणार नाही.

शेतकऱ्यांचे आक्षेप खरे आहेत

बांधावर झाड नको म्हणणारा शेतकरी अडाणी आहे, असे समजून काही कार्यकर्ते बोलू लागतात. हे योग्य नाही. त्याचे आक्षेप अनुभवातून आलेले आहेत. झाडाची मुळे शेजारच्या ओळींची ओल ओढतात. झाडाच्या उंचीइतक्या पट्ट्यात उत्पन्न घटते, हे डोळ्यांस दिसते. झाडावर पाखरे बसतात व ज्वारीची कणसे टिपतात. बांध सामाईक असल्याने झाड कोणाचे, यावरून भांडणे होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जमिनीच्या पट्ट्या अरुंद झाल्या आहेत. ज्याने झाडे लावली त्याच्या शेतावर सावली व मुळे राहतात, आणि आडोशाचा लाभ शेजाऱ्यास मिळतो. ज्याच्या पदरी खर्च व दुसऱ्याच्या पदरी लाभ पडतो, त्यास केवळ उपदेशाने झाडे लावावयास सांगणे हा अन्याय आहे.

या आक्षेपांवर अंशतः उपाय आहेत. पसरट व उथळ मुळांच्या झाडांऐवजी सरळ वाढणारी, अरुंद डोलाऱ्याची झाडे निवडावीत. रामकाठी बाभूळ या दृष्टीने आपल्या भागात पूर्वापार परिचित आहे. झाडांपासून काही अंतरावर शेताच्या बाजूने सुमारे दोन फूट खोल चर काढला व दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा साफ केला, तर उथळ मुळे तुटतात. फांद्यांची छाटणी दरसाल केल्यास सावली मर्यादेत राहते व सरपण मिळते. परंतु पट्टी अरुंद असल्याचा आक्षेप एकट्याने सुटणारा नाही. तेथे शिवाराचा विचार करावा लागेल. एकाआड एक बांध न धरता, शिवारात दोनशे-अडीचशे फुटांच्या अंतराने येणारे दक्षिणोत्तर बांध निवडून, ज्यांच्या बांधांवर रांगा येतील त्यांस इतर लाभधारकांनी श्रमाने किंवा सरपणाच्या वाट्याने भरपाई करावी, असा ठराव गावाने केल्यास तो न्याय्य होईल. बांधबंदिस्तीच्या कामात पाणलोटाचा विचार गटाने करण्याची सवय गावांस लागली आहे. वाऱ्याचाही असा एक ‘लोट’ असतो आणि तो सात-बाराच्या रेषा ओळखत नाही.

वारा शत्रू नव्हे

वाऱ्याचा वेग कमी करणे म्हणजे वारा बंद करणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. द्राक्ष व डाळिंबाच्या बागा दाट झाल्या आणि चोहोबाजूंनी गच्च आडोसा असला, तर आत दमट हवा कोंडून राहते. पाने उशिरा सुकतात व केवडा, भुरी यांसारख्या रोगांस वाव मिळतो. उलट पावसाबरोबर सुटलेला जोराचा वारा डाळिंबावरील तेल्या रोगाचे जंतू झाडाझाडांवर उडवितो. म्हणजे फार कमी वाराही नको व फार जास्तही नको. बागेचा आडोसा विरळ ठेवणे व बागेत छाटणीने हवा खेळती ठेवणे, ही दोन्ही कामे एकत्रच केली पाहिजेत.

फवारणीच्या वेळी तर वाऱ्याचा विचार न करणे शेजाऱ्यास महाग पडते. उसातील किंवा ज्वारीतील तणांवर मारलेल्या टू-फोर-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्याने द्राक्षबागेवर गेले, तर वेलीची पाने वाकडी होऊन हंगाम हातचा जातो. झोत असताना फवारू नये, हे सर्वांस समजते. परंतु वारा अगदीच पडला असता फवारणी निर्धोक असते, हा समज चुकीचा आहे. निरभ्र सायंकाळी जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन पसरते व घुसळण थांबते. अशा वेळी सूक्ष्म तुषार खाली न बसता तरंगत राहतात आणि हळूच सरकत दूरच्या शेतात जाऊन उतरतात. पाने नुसती हलतील इतका मंद, एकाच दिशेचा वारा शेजारच्या नाजूक पिकापासून दूर वाहत असताना केलेली फवारणी अधिक सुरक्षित असते.

आधी मोजावे, मग सांगावे

जमिनीलगतच्या हवेविषयी तर्काने बोलणे किती धोक्याचे असते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. १९३२ मध्ये पुणे येथे हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला व डॉ. एल. ए. रामदास यांनी पिकांतील आणि मोकळ्या जमिनीवरील हवेची निरनिराळ्या उंचीवर मोजमापे घेण्याची परंपरा घालून दिली. शांत, निरभ्र रात्री जमीन सर्वांत थंड होते, म्हणून तिला चिकटलेली हवाही सर्वांत थंड असणार, असा त्या काळी सर्वांचा तर्क होता. रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, मोकळ्या जमिनीवर सर्वांत थंड हवा वीतभर ते हातभर उंचीवर असल्याचे आढळले. जगातील अनेक शास्त्रज्ञांस हे प्रथम खरे वाटले नाही. पुढे इतरांच्या मोजमापांनी ते सिद्ध झाले व आज तो थर रामदास यांच्याच नावाने ओळखला जातो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यास याहून साधी मोजमापे करता येतील. एकाच मापाच्या व एकाच रंगाच्या दोन पराती घ्याव्यात. दोन्हींत सारखे पाणी भरून एक उघड्या रानात व दुसरी आडोशामागे, परंतु झाडाच्या सावलीपासून दूर, सारख्याच उन्हात ठेवावी. पाखरांनी व जनावरांनी पाणी पिऊ नये म्हणून दोन्हींवर सारखीच जाळी घालावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पट्टीने दोन्हींतील घट मोजावी. शेजारी काठ्या रोवून त्यांवर गुडघ्याच्या, कमरेच्या व डोक्याच्या उंचीवर कापडाच्या चिंध्या बांधल्या, तर कोठे वारा किती आहे व कोठे भोवरे होतात, हे शेतकऱ्यास डोळ्यांनी पाहता येईल. असे प्रात्यक्षिक मार्च-एप्रिलमध्ये आठ दिवस एखाद्या शेतावर चालविले, तर शंभर भाषणांनी होणार नाही ते काम होईल.

कोठून आरंभ करावा, याचा क्रमही ठरविणे इष्ट आहे. पहिला क्रम बागाईत तुकड्यांचा. केळी, द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला व रोपवाटिका यांच्या पश्चिम कडेस शेवरी, हादगा, शेवगा किंवा उंच वाढणारे गवत यांची विरळ रांग तातडीने लावावी. येथे पाणी उपलब्ध असते व लाभ त्याच शेतकऱ्यास मिळतो. दुसरा क्रम शेततळ्यांचा. उन्हाळ्यात त्यांतील पाणी पिकास मिळण्यापूर्वीच हवेत जाते. मात्र तेथे झाडे भरावावर न लावता थोडी दूर लावावीत, म्हणजे मुळांनी भराव व प्लॅस्टिकचे अस्तर बिघडणार नाही. तिसरा क्रम हलक्या, मुरमाड जमिनींचा. तेथे धान्याचे उत्पन्न मुळातच कमी असल्याने सीताफळ, बोर, गिरिपुष्प यांच्या रांगांनी नुकसान थोडे व लाभ अधिक होतो. खरिपात तेथे बाजरीत तुरीच्या ओळी घेतल्यास बाजरी निघाल्यावरही तूर उभी राहते व उघड्या जमिनीस आडोसा देते.

भारी काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारीचा क्रम शेवटचा. तेथे पहिली भिस्त कोळपणीवर ठेवावी: पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यांत. वारारोधक रांगा तेथे केवळ गटाने, सरळ वाढणाऱ्या झाडांच्या आणि परातीच्या मोजमापाने खात्री पटल्यावरच कराव्यात. आज उभी असलेली बाभळीची व लिंबाची झाडे मात्र ‘सावली पडते’ एवढ्याच कारणासाठी तोडू नयेत. रांग तोडण्यास एक सकाळ पुरते, ती पुन्हा उभी राहण्यास निदान दहा वर्षे लागतात.

वृक्षलागवडीच्या अहवालांत खड्ड्यांची व रोपांची संख्या येते. ती येऊ द्यावी. पण त्याच कागदावर आणखी तीन रकाने असावेत: रांगेची दिशा, तिसऱ्या वर्षी जगलेली झाडे आणि परातीतील पाण्याची घट. हे तीन रकाने भरावयाचे ठरले, तर झाड कोठे लावावे व कोठे लावू नये, याचा निर्णय आपोआप काळजीपूर्वक होऊ लागेल. पूर्वीच्या कार्यकर्त्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून पाण्यास बांध घातला. तेही काम मोजमापानेच झाले. वाऱ्याचा बांध त्याच शिस्तीने, उतावळेपणा न करता घातला गेला पाहिजे. तिवईवर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यास वारा कळत होता. त्याच शेतकऱ्याच्या बांधावर तो वारा मोजून दाखविणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे.